आजीचा रिलीव्हर

दहाव्याला आजीच्या पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, "आये, जमीन इकणार न्हाई." आत्या म्हणाली, "भावजयीशी बोलंन." कावळे झाडावर ढिम्म. आजीचा जीव कशात अडकला, कुणाला कळेना.

आमच्या घरातले पाच जण तीन पाळ्यांत कंपनीला. येईल त्याला आजी गरम वाढायची. "तू कधी निजणार?" विचारलं, की म्हणायची, "माझा रिलीव्हर कुठं आलाय?" पाळी सोडवायला येतो त्याला रिलीव्हर म्हणतात, हे ती नातवांकडून शिकली होती.

मी पुढं झाले. "आजे, तुझा रिलीव्हर आला. जा आता."

कावळा उतरला. सगळ्यांनी श्वास सोडला. मागून धाकटा भाऊ शेखर हळूच म्हणाला, "ताई, उद्या माझी फर्स्ट शिफ्ट हाय. पाचला डबा लागंल."