एकशेसतराची बारा रोपं

“हेमावतीअम्मा, कॉफी मागाहून प्या. आधी इकडे या, इकडे!”

कृष्णस्वामी साहेब जाळीघराच्या दारातूनच ओरडले. हेमावतीनं अजून हातातला डबासुद्धा खाली ठेवला नव्हता. नवऱ्याचं तेरावं उरकून ती आज पहिल्यांदा कामावर आली होती. सकाळपासून ज्यानं त्यानं तिला पाहून आवाज खाली केला होता, आणि हे साहेब मात्र लग्नघरात असल्यासारखे ओरडत होते. तिला त्याचं बरं वाटलं. म्हणजे, वाटायला हवं होतं. या पंधरा दिवसांत तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

“बघा,” साहेब म्हणाले. “डोळे भरून बघा.”

बाकांवर उडदाच्या रोपांच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पानांवर कुणी हळद शिंपडावी तशी सगळी पिवळी पडलेली. फक्त शेवटच्या ओळीतली बारा रोपं हिरवीगार होती.

“एकशेसतरा!” साहेबांनी ओळीच्या पाटीवरचा नंबर वाचला. “आठ वर्षं, अम्मा! मे महिन्यात मी रिटायर होतो. म्हटलं होतं, हात हलवत घरी जाणार. आणि बारांपैकी एकावरही डाग नाही बघा! सोमवारी कोइमतूरला बैठक आहे. तुम्ही वहीत नोंद करून सही करा, अहवाल मी आजच टाइपला देतो.”

“सरी, सार,” हेमावतीनं होकार दिला.

शहाऐंशी सालातली ही गोष्ट. गिंडीला कारखान्यांच्या वसाहतीमागे कडधान्यांवर संशोधन करणारं एक लहानसं केंद्र होतं. उडदावर पिवळा केवडा पडला की शेतकऱ्याच्या हाती शेंगा येत नाहीत, नुसता पाला येतो. हा रोग पसरवते पांढरी माशी. आजारी रोपाचा रस पिऊन निरोगी रोपावर बसली की संपलं. माशी मारून मरत नाही, म्हणून माशी बसली तरी पिवळं न पडणारं वाण काढायचं, असा साहेबांचा ध्यास होता. दरवर्षी ते नवे संकर करायचे, आणि त्यांची परीक्षा घ्यायची हेमावती. प्रत्येक रोपावर कंदिलाची काच उपडी घालायची आणि वरून आत दहा रोगी माशा सोडायच्या. एकवीस वर्षं ती हेच करत होती.

माशा पकडायच्या काचेच्या नळीनं. नळीला जोडलेलं रबराचं टोक तोंडात धरायचं आणि हलकाच श्वास आत ओढायचा. मध्ये मलमलीचा तुकडा असतो, पण जोरानं ओढलं तर तो सरकतो आणि माशा थेट घशात जातात. तंजावरहून आलेल्या पाहुण्यांना जनकोजीराव हे रंगवून सांगायचे. “आमची बायको दिवसभर माशा ओढते. मी एक विडी ओढली तर मात्र घर डोक्यावर घेते!” पाहुणे हसायचे. हेमावती आतून ओरडायची, “पुरे झालं तुमचं!”, आणि तीही हसायची.

नोंदवही घ्यायला ती आतल्या खोलीत गेली. तिथं माशांचे दोन पिंजरे होते. एकात वांग्याची झाडं. त्यांवर निरोगी माशा वाढायच्या, कारण उडदाचा केवडा वांग्याला लागत नाही. दुसऱ्यात पिवळं पडलेलं उडीद. पहिल्यातल्या माशा दुसऱ्यात सोडायच्या, त्या दिवसभर आजारी रस प्यायच्या आणि मगच कामाला यायच्या. दिसायला दोन्हीकडच्या अगदी सारख्या. म्हणून हेमावतीनंच पद्धत पाडली होती. पिंजऱ्यात हात घालायला कापडाची बाही असते, ती वांग्याच्या पिंजऱ्याची पांढऱ्या दोरीनं बांधायची आणि उडदाच्या पिंजऱ्याची लाल.

आज वांग्याच्या पिंजऱ्याला लाल दोरी होती, आणि उडदाच्या पिंजऱ्याला पांढरी.

“सुब्बा,” तिनं पाणी घालणाऱ्या सुब्बाला हाक मारली, “या पिंजऱ्यांच्या दोऱ्या कोणी सोडल्या होत्या?”

“कोणी नाही, अम्मा. मी खालच्या ताटलीत पाणी ओतत होतो. दुसऱ्या दिवशी औषध मारून रोपांवरच्या काचा काढल्या, बस. दोरीला हात लावला असेल तर मुरुगन देव साक्षी आहे!”

गाठ तिचीच होती. दोन वेढे आणि वर मुडप, अशी गाठ केंद्रात दुसरं कोणी मारत नसे.

ती स्टुलावर बसली. माशा सोडल्या त्या दिवशी अकरा ओळी झाल्या होत्या आणि एकशेसतराची बारा रोपं उरली होती. तिनं लाल दोरी सोडून खांद्यावर टाकली, तेवढ्यात सुब्बा फोन आला म्हणून बोलवायला आला. फोन इस्पितळातून होता, मुलीचा. “अम्मा, अप्पांना परत दुखतंय. डॉक्टर म्हणतात, बोलावून घ्या.” हेमावती म्हणाली, “निघालेच.”

आणि ती निघाली नाही. आदल्या दिवशीही असाच फोन आला होता. धावत जाऊन बघते तर जनकोजीराव उशीला टेकून इडली खात बसले होते! रोपांना दोन पानं फुटलेली, उद्यापर्यंत ती थांबणार नव्हती, आणि ओळ अर्धी राहिली की अख्खी बाद. बारा रोपं म्हणजे किती वेळ? चाळीस मिनिटं. तिनं पिंजऱ्यात हात घातला, माशा ओढल्या, ओळ पुरी केली आणि दोन्ही बाह्या बांधून बस पकडली. ती वॉर्डात पोचली तेव्हा जनकोजीरावांना जाऊन पाव तास झाला होता. “बस मिळाली नाही,” ती म्हणाली. सगळ्यांना तिनं तेच सांगितलं. मुलीला, नणंदेला, दिवस करायला आलेल्या भटजींनासुद्धा.

बसमध्ये ती सारखं मनगट खाजवत होती, ते आता तिला आठवलं. इस्पितळात, त्यांच्या पायाशी उभी असतानाही मनगट चुरचुरत होतं. उडदाचं पान असं चुरचुरत नाही. वांग्याचं चुरचुरतं.

म्हणजे एकशेसतरावर बसलेल्या माशा निरोगी होत्या. ती रोपं पिवळी पडणारच नव्हती.

हेमावतीला रडू आलं नाही. तेराव्यालाही आलं नव्हतं. नणंद राजसबाई पाठ चोळून चोळून थकली होती, “रड गं, रडून घे, असं दगडासारखं बसू नये,” म्हणून. पण तिला हे लख्ख दिसत होतं की वाण खरं असतं, तर ती चाळीस मिनिटं कशाच्या तरी कारणी लागली असती. पुढं कधीतरी कोणाच्या शेतात हिरवा उडीद उभा राहिला असता आणि तिनं मनाशी म्हटलं असतं, यासाठी थांबले होते. आता तेही गेलं. तोंड उघडलं नाही तर कोणाला काही कळणार नव्हतं. साहेब हार घालून घरी गेले असते. आणि तोंड उघडलं, तर बसची गोष्टही गेली. सगळ्या केंद्राला कळलं असतं की नवरा मरत होता आणि ही बाई माशा ओढत होती.

तिनं वही उघडली, पेन उचललं. एकशेसतराच्या पुढची बारा घरं रिकामी होती. तिनं पेन खाली ठेवलं. साहेबांच्या टाइपरायटरवाल्यानं तिकडं खडखडाट सुरूदेखील केला होता.

ती उठून त्यांच्या खोलीत गेली.

“सार, ती ओळ धरू नका. माशा वांग्याच्या पिंजऱ्यातल्या होत्या.”

“काय बोलता? चूक? तुमची?”

“फोन आला त्या दिवशी. फोननंतर मी ती ओळ केली.”

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना आधी ओळीचंच दुःख झालं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसलं. बाकीचं उमगायला वेळ लागला. “फोननंतर? म्हणजे तुम्ही इथं...”

“चाळीस मिनिटं, सार.”

टाइपरायटर थांबला होता. साहेबांनी काचेचं वजन उचलून बाजूला ठेवलं.

“नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं हो,” ते म्हणाले. रागानं नाही, नुसतेच म्हणाले.

“शेतात पेरल्यावर माशीनं सांगितलंच असतं, सार.”

सोमवारी साहेब कोइमतूरला रिकाम्या हातानं गेले. पुडीत एकशेसतराचं मूठभर बी उरलं होतं. हेमावतीनं त्यातलं बारा कुंड्यांत लावलं. दोन पानं फुटली त्या दिवशी तिनं उडदाच्या, आता पुन्हा लाल दोरी बांधलेल्या पिंजऱ्यातून दहा दहा माशा मोजून सोडल्या. पुढं रोज सकाळी कॉफीच्या आधी ती त्या ओळीपाशी जाऊन उभी राहायची. मनात एकदा आलं, देवा, आता तरी हिरवी राहू दे. अकराव्या दिवशी एका कोवळ्या पानावर हळदीचा ठिपका दिसला. चौदाव्या दिवशी बाराही रोपं पिवळी होती. तिनं बारा घरांत बारा वेळा नऊ लिहिलं, म्हणजे सर्वांत वाईट, आणि खाली सही केली. साहेबांनी वही पाहिली. “एकशेअठराचं बी भिजत घाला,” एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी माम्बळमच्या घरात तिची मुलगी चंद्रिका रगड्यावर उडीद वाटत होती. विसाव्या वर्षीही तिला दगड नीट फिरवता येत नव्हता, पीठ कडेनं सांडायचं. हेमावती शेजारी बसून ते बोटानं आत लोटत होती.

“चंद्रिका, त्या दिवशी बस आली होती गं वेळेवर.”

दगड थांबला नाही. “ठाऊक आहे, अम्मा.”

“काय ठाऊक आहे?”

“मी परत फोन केला होता. सुब्बानं घेतला. म्हणाला, अम्मा आत आहेत, शेवटची ओळ चाललीय, हाक मारू का?”

“मग?”

“अप्पा शुद्धीत होते. सुब्बाला फोनवर थांबवून त्यांना विचारलं.” चंद्रिकानं पाण्यात हात बुडवून दगडावर शिंतोडे मारले. “म्हणाले, नको. आत्ता हाक मारलीत तर दचकून माशा गिळेल. आणि हसले.”

“आणि?”

“तेवढंच. मग नर्स आली.”

हेमावतीचं बोट पिठातच राहिलं. तिनं श्वास आत ओढला, नळीवर ओढायची तसाच, अगदी हलका. तो तिला बाहेर सोडता येईना. चंद्रिकानं रगडा सोडला आणि ती पिठाच्या हातांनीच आईची पाठ चोळायला लागली.