गाणंच असं आहे

"बाई, पोरीचा गला बघा जरा," सगुणा बालवाडीच्या दारातच म्हणाली. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती कोळीवाड्यातून बाजाराकडे निघाली होती. चार वर्षांच्या रतनचा हात तिने अजून सोडला नव्हता. "गानं बोलताना आवाज बसतो हिचा. डागदरकडं नेली, तो बोलला, काय नाय झालं. हिला इचारलं तं बोलते, गानंच असं हाय."

"म्हण बरं, रतन," सुमतीबाई म्हणाल्या.

रतनने अस्वलाची अंगाई म्हटली. आवाज खोल, खरखरीत. तिसऱ्या ओळीत वर चढताना तो तुटला, नुसती हवा आली, आणि पुढचा शब्द पुन्हा खालून सुरू झाला.

सुमतीबाईंनी ओळखलं. तो त्यांचाच आवाज होता.

"घसा चांगला आहे हिचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा निर्धास्त."

आदल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या थायरॉइडची गाठ काढली होती. त्या ग्रंथीला लागूनच आवाजाची एक बारीक नस जाते. ती दुखावली असावी, वाट पाहू, असं डॉक्टर म्हणाले होते. जूनमध्ये नवी मुलं आली. त्यांनी बाईंचा आधीचा आवाज ऐकलाच नव्हता.

तो आवाज ऐकायला एकेकाळी पालक मुलांना न्यायला लवकर येऊन खिडकीशी उभे राहत. सुमतीबाईंचा धाकटा भाऊ गुरुदत्त मालवाहू बोटीवर होता. इतरांचे भाऊ परदेशातून साबण आणि सेंट आणत. सुमतीबाई मात्र त्याला सांगत, तिथली पोरं काय म्हणतात ते शिकून ये, सोपं असेल ते. तो खलाशांकडून गाणी ऐकून यायचा आणि ठाण्यात खोपटच्या घरी जेवताना ताटावर ताल धरून म्हणून दाखवायचा.

"अर्थ विचारलास का रे?"

"ताई, तो स्वयंपाकी फिलिपिनो, मी ठाणेकर, दोघांचं इंग्लिश सारखंच. कोंबडी आहे एवढं नक्की."

मग वर्गात कोंबडी यायची. पेरू देशातली उंटासारखी लामा, ग्रीसची होडी, बर्फात झोपलेलं अस्वल. मुलांना कल्याण कुठे आहे ते माहीत नसायचं, पण अस्वलाला झोपवताना ती आवाज आपोआप हळू करत.

"एकटी सगुणा नाही, आणखी आया येऊन गेल्या," त्या दुपारी मुख्याध्यापिका शीलाताई म्हणाल्या. "गाण्याचा तास त्या नव्या शालूकडे देऊ या का? तू गोष्टी घे, चित्रं घे."

"मी आवाजाचे व्यायाम करतेय."

"करच गं. पण मुलं तशीच शिकतायत."

मुलं जे ऐकतात तेच उचलतात, हे सुमतीबाई स्वतःच नव्या शिक्षिकांना सांगत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शालूने अंगाई म्हटली. नुकतीच कोर्स करून आलेली मुलगी. सूर स्वच्छ, तिसरी ओळ सरळ वर गेली. सुमतीबाई कोपऱ्यात रंगखडू निवडत होत्या. गुरुदत्तने आणलं होतं ते गाणं असंच होतं, कुठेही न तुटणारं.

मुलं एकमेकांकडे बघून हसू लागली.

"बाई, तुमचं चुकतंय," रतन म्हणाली.

"कुठे गं?"

"तिथं तोडायचा असतो आवाज. फुस्स करून. मग परत."

"हो, फुस्स!" मागून दोघंतिघं ओरडली.

शालूचे कान लाल झाले. तिने सुमतीबाईंकडे पाहिलं नाही. सुमतीबाईंना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. गप्प राहिल्या असत्या तर तास कदाचित त्यांच्याकडे परत आला असता.

"शालूबाईंचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकत होतं."

रतन त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुमाला येत नाय?"

"पूर्वी यायचं. आता नाही येत."

रतनने थोडा विचार केला. मग शेजारच्या मुलाला ढकलून सतरंजीवर जागा केली.

"मग आमच्यात बसा. त्या शिकवतील."

सुमतीबाईंनी खडूंचा डबा फळीवर ठेवला, पदर खोचला आणि मुलांमध्ये मांडी घालून बसल्या. शालूने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"हाताची घडी," रतन कुजबुजली.

सुमतीबाईंनी हाताची घडी घातली.