प्रकाशाच्या चालीने

सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सुनेच्या जिवाला दोन घोर होते. घरी सासरे वॉकरला हात लावायला तयार नव्हते. आणि ती काम करायची त्या तारांगणात प्रेक्षकांना प्रकाशाचा वेग काही केल्या कळत नव्हता. सेकंदाला तीन लाख किलोमीटर म्हटलं की लोक "बापरे" म्हणायचे आणि जांभई द्यायचे.

तिने तारांगणाच्या अंगणातच अंतरं मांडली. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. दाराशेजारी भिंतीवर छातीइतक्या उंचीचा सूर्य रंगवला, वाटेत बुध-शुक्राचे खांब रोवले, दीडशे मीटरवर फाटकाच्या खांबाला वाटाण्याएवढी पृथ्वी चिकटवली. या मापात प्रकाश सेकंदाला तीस सेंटिमीटर चालतो. इतकं हळू चालणार कोण? सहकाऱ्यांनी करून पाहिलं. चार पावलांत सगळे प्रकाशाच्या पुढे.

संध्याकाळी घरी मुलाने बळेच उभे केलेले सासरे वॉकरशी भांडत खोली ओलांडत होते. ती हातातला चहा विसरून बघतच राहिली.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर कामावर येता?"

"लंगडा माणूस काय कामाचा?"

"प्रकाश व्हायचंय तुम्हाला."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "माझ्याकडे बघू नका," मुलगा म्हणाला, "मला या घरात कुणी काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सासरे वॉकर घेऊन भिंतीवरच्या सूर्यापासून निघाले. प्रेक्षक घड्याळ धरून बरोबर चालले. पृथ्वीशी पोचायला पाचशे सेकंद लागले. "आता गुणा तीन लाखांनी," सून म्हणाली. पंधरा कोटी किलोमीटर. या वेळी कुणी जांभई दिली नाही.

"मी वाटेत असताना सूर्य विझला," सासरे धापा टाकत म्हणाले, "तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही." त्या दिवसापासून ते रोज स्वतःहून तयार होऊन बसू लागले.

पण चालण्याने माणूस सुधारतो. महिन्याभरात वॉकरची काठी झाली आणि पृथ्वी सहा मिनिटांत यायला लागली.

"बाबा, जरा दमानं."

त्यांनी पाय ओढत चालायला सुरुवात केली. फिजिओथेरपिस्ट बाई भडकल्या, "ही नवी तऱ्हा कुठून काढलीत?" ते सुनेकडे न बघता चपला शोधू लागले. ती मात्र चरकली. ते बरे झाले नसते तर बरं, असं काहीतरी आपल्या मनात येऊन गेलं होतं, हे तिला नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने पृथ्वीच हलवली. दोनशे मीटरवर, रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या दुकानापाशी. त्या मापाने सूर्यही मोठा रंगवला, म्हणजे बाबा भरभर चालले तरी पाचशे सेकंदच लागणार. पुढच्या महिन्यात पृथ्वी तीनशे मीटरवर गेली आणि सूर्य तिकीटखिडकीवर चढायला लागला, तेव्हा संचालकांनी हात जोडले.

"तिकिटं काय सूर्यातून विकू?"

सून गोरीमोरी झाली. सासरे हसले. "मलाही कंटाळा आलाय. रोज तिथून तिथे."

सूर्य पुन्हा लहान झाला, पृथ्वी फाटकावर आली. सायकलवाल्याकडून एक बॅटरीची गाडी बनवून घेतली. ती सेकंदाला बरोबर तीस सेंटिमीटर सरकते. लोक थोडा वेळ बघतात, मग मोबाइल काढतात.

सासरे एकदाच ती पाहायला आले. शुक्राच्या खांबापाशी त्यांनी गाडीला मागे टाकलं.

"रात्री जेवायला थांबू नकोस," ते सुनेला म्हणाले, "मित्राकडे पत्त्यांचा डाव आहे." आणि काठी बगलेत मारून चालू लागले.