चौकटीतली खाच

मुलांना सुतारकाम शिकवताना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगतो : मोजल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही. म्हणून त्या रविवारी जे झालं त्यात चूक कोणाची, ते आधीच सांगून टाकतो. माझी.

वाचनालयाच्या मागच्या लहानशा खोलीत आम्ही तिघं दर रविवारी सकाळी टेबलाएवढं लाकडी जहाज बांधत होतो. तिघं म्हणजे मी, काम सोडलेला सुतार. शिडं शिवणाऱ्या शिंपीणमावशी. आणि माझ्या शेजाऱ्यांची अकरा वर्षांची मुलगी. शाळेत तिला गोगलगाय म्हणत. पाढा म्हणायला वेळ, डबा संपवायला वेळ, बुटाची नाडी बांधेपर्यंत तर घंटा होऊन जायची. आई तिला पहिल्यांदा सोडायला आली तेव्हा म्हणाली, "हिच्या हातून काही होईल असं नाही, पण बसू दे तुमच्याजवळ."

मी तिला दोरशिड्यांचं काम दिलं. खलाशी डोलकाठीवर चढतात त्या शिड्या. उभ्या दोऱ्यांवर आडवा दोरा, दोन दोरे भेटतील तिथे एक गाठ, गाठीवर डिंकाचा बारीकसा थेंब. दहा गाठी झाल्या की मी स्वतः चहाचं निमित्त शोधतो. ही पोरगी दोन-दोन तास मान वर करत नसे. चौदा महिन्यांत तिने अकराशे सहा गाठी मारल्या. एकही सुटली नाही. मावशी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "गोगलगाय अन् पोटात पाय! दुकानात बसवते हिला, सगळी काजं हिच्याकडून."

मग वाचनालयाच्या कार्यवाहांचा निरोप आला. मागच्या खोलीत नवी कपाटं येणार होती. रविवारी बारापर्यंत खोली मोकळी हवी. जहाज पुढच्या दालनात, खिडकीत ठेवायला त्यांची हरकत नव्हती. आम्ही तर खूश झालो. त्या खिडकीवरून अख्खी शाळा जाते-येते. त्या आठवड्यात गोगलगाय दोनदा मला विचारून गेली, "आजोबा, रस्त्यावरून गाठी दिसतील ना?"

रविवारी जहाज पाटासकट उचलून दाराशी आणलं आणि अडलं.

लांबी मी मोजली होती. उंचीही मोजली होती. पण मधल्या डोलकाठीवरची, मोठं शीड धरणारी आडवी काठी अगदी शेवटी चढते, आणि ती चढवली तेव्हा मी शिडाच्या कौतुकात होतो. काठी दारापेक्षा दोन बोटं लांब निघाली. जहाज कलतं करावं तर डोलकाठी अडे. काठी फिरवावी तर दोरशिड्या आड येत.

कार्यवाह घड्याळ बघत उभे होते. "मग शिड्या कापा की," ते म्हणाले. "दोरेच तर आहेत. बाहेर नेऊन परत बांधा."

मी कात्री उचलली. खरं सांगतो, उचलली. म्हाताऱ्या माणसाला भांडणाचा कंटाळा येतो आणि तो त्यालाच शहाणपण म्हणतो.

गोगलगाय उंबरठ्यावर जाऊन मांडी घालून बसली.

"आजोबा, कात्री मावशींची आहे. ठेवा."

"अगं बाळा, परत बांधू ना आपण."

"आपण नाही, मी. आणि मी परत बांधणार नाही. एकही गाठ कापायची नाही."

"मग जहाज बाहेर कसं जाणार?" कार्यवाहांनी विचारलं.

"जहाजाचं माप बरोबर आहे. दाराचं चुकलंय."

मावशींना हसू फुटलं. कार्यवाहांना नाही. "पोरी, चाळीस वर्षं हे दार इथे आहे. कोणाचं काही अडलं नाही."

"इथून कोणी जहाज नेलंच नसेल."

"हे बघ, कपाटं बाहेर येऊन उभी आहेत. एका खेळण्यासाठी मी हमालांना ताटकळत ठेवू?"

"खेळणं?" मावशी उसळल्या. "अहो, चौदा महिने लागलेत याला. माणूससुद्धा नऊ महिन्यांत येतो!"

मी त्या दाराकडे बघत होतो. चाळीस वर्षांपूर्वी ते मीच बसवलं होतं. कात्री मावशींच्या हातात दिली आणि पेटीतून पेचकस काढला.

"हे काय चाललंय?" कार्यवाह म्हणाले.

"माझं काम तपासतोय. पोरगी म्हणते चुकलंय."

दाराची फळी बिजागऱ्यांवरून उतरवली. दीड बोट मिळालं. अर्धं बोट कमी पडत होतं. मग काठीची उंची नीट मोजली, दोनदा मोजली, आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना त्या उंचीवर पेन्सिलीने रेघा मारल्या. पटाशी आणि लाकडी हातोडा काढून तिच्या हातात दिला.

"थांबा! याला परवानगी नाही," कार्यवाह ओरडले. "मला वर लिहून कळवावं लागेल."

"कळवा. नाव माझं घाला."

"माझंही," मावशी म्हणाल्या.

"माझं पण," ती स्टुलावर चढत म्हणाली. "शाळेच्या दाखल्यावरचं, पूर्ण. गोगलगाय नको."

आणि तिने पटाशी लावली. एक ठोका, एक पातळ ढलपी. फुंकर. बोट फिरवून बघायचं. पुन्हा एक ठोका. बारा वाजले. सव्वाबारा झाले. हमाल आत येऊन भिंतीला टेकून बसले, आणि त्यांच्यातला थोरला तर ढलप्या गोळा करून एका बाजूला रचू लागला.

"जरा लवकर आटप गं," कार्यवाह काकुळतीला आले.

"लवकर केलं की चुकतं," ती मान वर न करता म्हणाली. "आजोबांना विचारा. त्यांनी जहाज लवकर मोजलं होतं."

मी मोजपट्टी उचलून खाच पुन्हा मोजली.

एकच्या सुमाराला तिने पटाशी खाली ठेवली. थोरला हमाल उठला, हात पुसले आणि कार्यवाहांना म्हणाला, "सरका साहेब, आधी हे जाऊ दे." दोघा हमालांनी पाट उचलला. काठीची टोकं खाचांतून सरकली. दोन्हीकडे केसाएवढी फट होती. मग मोठं शीड दालनाच्या उजेडात आलं आणि मावशींनी उगाचच नाक पुसलं.

खिडकीत ठेवल्यावर तिने आधी सगळ्या गाठी मोजल्या. अकराशे सहा.

आता आम्ही दालनातच, खिडकीखाली बसून दुसरं जहाज बांधतो. जागा कोणी दिली नाही, आम्ही बसलो. पुढच्या रविवारी कार्यवाह एक लाकडाचा तुकडा घेऊन आले. चांगलं, जुनं, बिनगाठीचं लाकूड. "चौकटीतल्या त्या खाचा बुजवून टाका," ते म्हणाले.

मी तुकडा तिच्याकडे दिला. तिने तो उजेडात धरून चहूबाजूंनी सावकाश फिरवून बघितला.

"छान आहे," ती म्हणाली. "याचं सुकाणू होईल."