समिधाच्या टाळूचा वास

तापातून उठले तेव्हा माझं नाक गेलेलं होतं, आणि मला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आलंही, पण वेड्यासारखं. लिंबू चिरलं की जळक्या वायरीचा वास. टूथपेस्ट म्हणजे सडका कांदा. प्रणित, माझा नवरा, म्हणायचा की तुझ्या नाकाचा कल्याणला सांधा चुकलाय, कसाऱ्याची गाडी कर्जतला चाललीय. मीही हसायचे.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. माझी लेक समिधा, नुकती पालथी पडायला लागलेली, तिच्या टाळूलाही तोच जळका वास यायचा. पाजताना मी तोंडाने श्वास घ्यायचे. तिने गळ्यात डोकं खुपसलं की माझी मान आपोआप मागे जायची. मग मी दचकून तिला आणखी घट्ट धरायचे, आणि ती रडायची. आईला आपल्याच बाळाचा वास सोसत नाही, हे कुणाला सांगणार?

बी.ए.ला मानसशास्त्र होतं. बाईंनी एकदा वर्गात एकच बाटली फिरवलेली. अर्ध्या वर्गाला सांगितलं, यात चीज आहे; उरलेल्यांना सांगितलं, घामट मोजे. चीजवाले नाक पुढे करत होते, मोजेवाले नाक दाबून बसलेले. नाक नुसता निरोप आणतं, अर्थ मेंदू लावतो, असं बाई म्हणालेल्या. तेव्हा मजा वाटलेली. आता वाटायचं, माझ्या मेंदूने माझ्या मुलीचा अर्थच चुकीचा लावलाय, आणि तो कायमचा तसाच राहिला तर?

आम्ही ठाण्यात, चेंदणी कोळीवाड्यात राहतो. माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, बाजारात मासळी विकतात; मी त्यांना आईच म्हणते. मी डोंबिवलीची, माहेरी मासे रविवारपुरते. माझी मागे जाणारी मान आईंनी पाहिली होती. मला त्या काही बोलल्या नाहीत, पण प्रणितला म्हणाल्या, टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगी होतायत, एखादा ब्लॉक बघ. मला वाटलं, मी त्यांना नकोशी झाले.

त्या दिवशी आई पहाटेच बाजारात गेल्या, म्हणून समिधाला अंघोळ मीच घातली, नुसत्या साबणाने. नेहमी तेल लावून न्हाऊ घालणं हे आईंचं काम. दुपारी तिला पलंगावर उशांच्या मध्ये ठेवून मी दूध उतू जातंय का ते बघायला आत वळले. तेवढ्यात धप्प. धावत आले तर उशी खाली, आणि समिधा आईंच्या हातात. बाजारातून त्या नेमक्या दारात पोचल्या होत्या, मासळीची पाटी टाकून त्यांनी तिला पलंगाच्या कडेलाच झेललं होतं.

मी तिला ओढून घेतलं, छातीशी धरलं, टाळूवर ओठ टेकले आणि नाकाने श्वास घेतला. भीतीने तोंड मिटलेलं होतं, दुसरा मार्गच नव्हता.

वायर नव्हती.

दूध होतं. साबण होता. कोवळ्या, घामेजल्या केसांचा ऊबदार वास होता. आणि त्यावर, आईंच्या बोटांचा असेल, ओल्या बोंबलांचा वास. बोंबलासारखाच. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा तेच.

माझं हुंगणं बघून आईंना भलतंच वाटलं. त्या मागे सरकल्या. "घाईत तशीच उचलली गो. हात मच्छीचं हाय. आण तिला, लिंबू चोळून येते नि पुसून देते."

"लिंबू कशाला?"

"रोज चोळते की. बाहेर नळावर. तिच्या तेलात पण पिळते दोन थेंब. तुला मच्छीचा वास सोसत नाय, मी बघते ना."

मी मटकन खाली बसले. समिधा माझी वेणी ओढत होती आणि मी वेड्यासारखी हसत होते. "आई, मला मासळीचा वास छान येतो. मला लिंबूच सोसत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर नळाकडे बघितलं. "म्हणजे मीच रोज," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनाही हसू फुटलं. "डोंबिवलीवाल्यांनी नाक उलटं बसवून दिलंन."

तरी माझा विश्वास बसेना. खूप हवंहवंसं वाटतं म्हणून मेंदू मला फसवत असला तर? बाईंची बाटली डोळ्यांसमोर होती. प्रणित आल्या आल्या मी त्याला पंच केलं, स्वतःच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. आईंनी एका हाताला लिंबू लावायचं, दुसरा तसाच ठेवायचा, आणि कुठला पुढे करताय ते बोलायचं नाही. वायर, बोंबील, बोंबील, वायर. एकदा त्यांनी लबाडी करून दोन्ही हातांना लिंबू लावलं. तेही मी पकडलं. शेवटी प्रणितने समिधाला चोरपावलांनी जवळ आणलं, पण ती खुदकन हसली आणि चाचणी फसली. मला पर्वा नव्हती. माझं नाक तिच्या टाळूत रुतलेलं होतं आणि ओढणी भिजली होती. आता मी त्यांना सगळं सांगितलं, तोंडाने घेतलेल्या श्वासांसकट.

प्रणितने विचारलं, ब्लॉकचं काय करायचं. आई म्हणाल्या, कसला ब्लॉक.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर त्या सवयीने नळाकडे वळल्या. मी समिधाला घेऊन उंबऱ्यातच उभी होते. सरळ आत या, म्हटलं. त्यांनी हात नुसते पदराला पुसले आणि तिला घेतलं. डोक्यावरून हात फिरवून परत दिली. मी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"आज मांदेली आणलीत," मी म्हटलं.

"कोळंबी," आई म्हणाल्या. "शिकशील."