धाकटीचं नाक

निवडणुकीनंतर नवं सरकार आलं, त्याने पाण्याचा नवा कायदा आणला आणि आमच्या प्रयोगशाळेची पाटी बदलली. पाटीशी मला देणंघेणं नव्हतं. मला आवडलं होतं ते एकच कलम : पिण्याच्या पाण्याचा वास यापुढे यंत्राने तपासायचा, माणसाने नाही.

तो माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच प्रयोगशाळेत काम करतो. पदवीही एकच, गुण माझे जास्त. पण इतकी वर्षं ती कोमट पाण्याचा चंबू नाकाशी धरून डोळे मिटायची आणि सगळे गप्प उभे राहायचे. ती "चांगलं आहे" म्हणाली की साहेब सही करायचे. अहवालावर नाव तिचं. घरीही तेच. दूध नासलंय का, धाकटीला विचारा. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "नाक असावं तर असं!" माझं तेव्हा मुरडलेलं असायचं.

यंत्र आलं. ते चालवायला मी शिकले, धाकटीच्या नाकाशी ताडून त्याच्या चाचण्या घेतल्या आणि वास विभागाची प्रमुख झाले. पहिला नमुना निर्दोष निघाला. अहवालाखाली पहिल्यांदाच माझं नाव छापलं होतं. साहेबांनी तो वाचला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"उत्तम, बाई. धाकट्या बाईंनी हुंगलंय ना?"

"साहेब, ते आता कायद्यात बसत नाही."

"अहो, कागदावर कुठे आणायचंय? आपलं सहज."

"सरकार पडलं, नाक टिकलं!" कोपऱ्यातला कारकून म्हणाला. सगळे हसले. मीही दात दाखवले.

"ती सर्दीने आडवी झालीय," मी जमेल तितक्या दुःखाने सांगितलं.

"मग बाटली घरी न्या. एकाच घरात तर राहता!"

संध्याकाळी मी ते पाणी कोमट करून तिच्या पलंगाशी नेलं. तिचे डोळे गळत होते. दोनदा हुंगून तिने मान हलवली.

"काही कळत नाही गं, ताई. आणि मला कशाला विचारतात? चाचण्यांत तुझ्या यंत्राचं न् माझं एकदा तरी वेगळं आलं का? जा, सांग मी हुंगलं म्हणून."

खोटं सांगायला माझी हरकत नव्हती. पण माझ्या अहवालासाठीही तिने मला आपलं नाक उसनं द्यावं, हे सहन होईना. मी स्वतःच हुंगलं. पाण्याला पाण्याचाही वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, "मी हुंगलं. शुद्ध आहे."

"तुम्ही?" साहेबांनी माझ्या नाकाकडे प्रथमच नीट पाहिलं. "छान, छान. त्यांना बरं वाटू द्या, मग करतो सही. घाई काय आहे?"

माझ्या नावाचा अहवाल त्यांनी पेपरवेटखाली सरकवला.

घरी आल्यावर चप्पल काढली आणि आधी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. ते धाकटीपुढे मांडून तिच्या डोक्यावर जाड टॉवेल टाकला आणि कडा नीट खोचल्या, वाफ कुठून निसटायला नको म्हणून.

"ताई, किती करतेस गं माझ्यासाठी," आतून चोंदलेला आवाज आला.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "नाकाने ओढ."