वाघावर कोणी गोंदिया लिहिलं का?

देशाचं वैभव सगळ्या देशाचं असतं. जंगलांना, किल्ल्यांना, वाघांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. आंधळगावचे भैय्याजी हे वाक्य भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा होईपर्यंत अगदी मनापासून म्हणत. मग नागझिऱ्याचं जंगल गोंदियाच्या वाट्याला गेलं, आणि गोंदियात त्यांच्या मेहुणीचे नवरे, साडभाऊ मोतीलाल, राहत होते.

पुढच्याच उन्हाळ्यात मोतीलालना तिथं वाघ दिसला. दिसला तर दिसला, पण त्यानंतर बारसं असो की तेरवी, वाघ त्यांच्यासोबत येऊ लागला. "आमच्या नागझिऱ्यात..." अशी ते सुरुवात करत, आणि त्या 'आमच्या'पाशी भैय्याजी हातातला घास ताटात परत ठेवत. त्यांनी जन्मभर लुगडी विकली होती. आपला माल शेजारच्या दुकानात मांडलेला पाहावा, तसं त्यांना होई.

म्हणून दिवाळीला साडभाऊ बायकोसह आले, तेव्हा भैय्याजी सगळ्यांना अंबागडला घेऊन गेले. तो किल्ला भंडाऱ्यातच राहिलेला, म्हणजे आपला. मोतीलालच्या तोंडून एकदा 'तुमचं भारी' एवढंच ऐकायचं होतं. शिवाय पुढेमागे पुन्हा वाटणी झालीच तर, म्हणून पिशवीत लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता.

भैय्याजींची बायको शकुनबाई आणि तिची बहीण, मोतीलालची बायको चंद्रकांता, बोलत बोलत वर निघून गेल्या. दरवाजापाशी भैय्याजींनी डबा उघडला.

"काय करून राहिले जी?" मोतीलाल कुजबुजले. जंगलात जाऊन जाऊन त्यांना हळू बोलायची सवयच लागली होती.

"'भंडारा जिल्हा' लिहून ठेवतो."

"दगडावर?"

"मंग कायवर? तुमच्या वाघाले पाय तरी आहेत. हा जागचा हालत नाही, कोणीबी आपला म्हणून घेईल."

मोतीलालनी झाकण डब्यावर घट्ट दाबलं. "साडभाऊ, वाघावर कोणी गोंदिया लिहिलं का?"

भैय्याजींनी ब्रश पिशवीत टाकला. असं वाक्यसुद्धा यालाच सुचावं, याचा त्यांना वेगळा त्रास झाला.

मोतीलाल भिंतीला हात लावून उभे राहिले. फटीत कोंबलेली वेफर्सची पुडी काढून त्यांनी खिशात घातली आणि पुन्हा पाहत राहिले. आपल्या किल्ल्याकडे दुसऱ्यानं इतका वेळ पाहावं? भैय्याजींनीही पाहायला घेतलं, साडभाऊपेक्षा जास्त वेळ पाहायचं ठरवून. पाहता पाहता त्यांना उंबऱ्याचा दगड दिसला. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी तो मधोमध खोलगट झाला होता. लहानपणापासून ते त्यावरूनच आत जात आले होते. या वेळी त्यांनी तो ओलांडून पाय टाकला.

"नागझिऱ्यात असं नाही जी," मोतीलाल कुजबुजले. "भारी आहे तुमचं."

आलं! भैय्याजींनी लगेच वर पाहिलं. तटावर दोघी बहिणी कशाला तरी खिदळत होत्या. भैय्याजींनी घसा खाकरला.

"मोतीलालजी, एवढी मेहरबानी करा. हेच जरा जोरानं म्हणा ना. शकुनले ऐकू नाही गेलं."